हवेतून वीज वाट कशी काढते

रोहिणी-मृगाच्या सुमारास आणि पुन्हा हस्ताच्या पावसात आकाशात विजांचे तांडव सुरू होते. अशा वेळी शेतात किंवा माळावर असलेला माणूस जवळच्या झाडाखाली धाव घेतो आणि पुष्कळदा तोच आसरा त्याचा काळ ठरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात वीज पडून भारतात २,८८७ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ४९६ एकट्या मध्य प्रदेशातील होती. नैसर्गिक आपत्तींमुळे त्या वर्षी जेवढे मृत्यू झाले, त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक या एकाच कारणाने झाले.

'वीज पडली' हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी आहे. तो ऐकून असे वाटते की, कड्यावरून दरड कोसळावी तशी एखादी तयार वस्तू आकाशातून सुटते आणि कोणाच्या तरी माथ्यावर आदळते. पायाळू माणसावर वीज पडते ही जुनी समजूतही याच कल्पनेतून आलेली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. वीज पडत नाही. ती हवेतून वाट काढीत येते. ही वाट एकाएकी तयार होत नाही, टप्प्याटप्प्याने तयार होते आणि तिचा शेवटचा टप्पा जमिनीपासून थोड्याच उंचीवर ठरतो. हे टप्पे ज्याला उमगले, त्याला झाड का घातक आणि पक्के घर का सुरक्षित, हे पाठ करावे लागत नाही.

आरंभ हवेपासूनच केला पाहिजे. हवा ही उत्तम विद्युतरोधक आहे. विजेच्या खांबांवरील तारा उघड्या असतात. त्यांना एकमेकींपासून अलग ठेवण्याचे काम मधली हवाच करते. घरातील दिव्याचे बटण बंद केले म्हणजे प्रवाह थांबतो, तो आतील धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये हवेची लहानशी फट पडते म्हणून. परंतु या रोधकतेला मर्यादा आहे. नेहमीच्या वातावरणीय दाबाला, धातूच्या दोन सपाट व गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये एक सेंटिमीटर अंतर असेल, तर सुमारे ३०,००० व्होल्ट विद्युतदाबाला मधली हवा फुटते आणि चटकन् ठिणगी पडते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत लोकरीचा किंवा नायलॉनचा कपडा अंगातून काढताना जो चटचट आवाज येतो, तोही हवा फुटल्याचाच आवाज होय. ती फट अगदी अरुंद असते आणि विद्युतभारही अत्यल्प असतो, म्हणून त्या ठिणगीने इजा होत नाही.

जी हवा क्षणापूर्वी रोधक होती, ती दुसऱ्या क्षणी वाहक कशी बनते? प्रवाह वाहण्यासाठी विद्युतभारित कण मोकळे असावे लागतात. हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन असतात खरे, पण ते रेणूंशी घट्ट बांधलेले असतात. तरीही हवा पूर्णपणे निर्भार कधीच नसते. जमिनीतील किरणोत्सर्गी द्रव्यांपासून निघणारे किरण आणि अवकाशातून येणारे विश्वकिरण हवेच्या रेणूंवर सतत आघात करीत असतात. व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून उंच जाऊन या विश्वकिरणांचा शोध लावला. या आघातांमुळे जमिनीजवळच्या हवेच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये दर सेकंदाला सुमारे दहा इलेक्ट्रॉन आपल्या रेणूंपासून सुटे होतात. सामान्य परिस्थितीत हे सुटे इलेक्ट्रॉन लगेच ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतात आणि प्रकरण तेथेच मिटते. हवेच्या प्रचंड पसाऱ्यात त्यांची गणना ती काय! पण पुढचा सारा अनर्थ यांतील एखाद्याच इलेक्ट्रॉनापासून सुरू होतो.

समजा, असा एक मोकळा इलेक्ट्रॉन तीव्र विद्युतक्षेत्रात सापडला. तो धन टोकाकडे ओढला जातो. वाटेत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तो कोणत्या तरी रेणूवर आदळतो, कमावलेला वेग गमावतो आणि पुन्हा धावू लागतो. क्षेत्र दुबळे असेल तर या धडपडीतून काही निष्पन्न होत नाही. क्षेत्र पुरेसे प्रबळ असेल तर मात्र कधी तरी त्याच्या अंगी एवढी शक्ती येते की, त्याच्या धडकेने रेणूतील दुसरा इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. आता एकाचे दोन झाले. दोघेही धावू लागतात. दोहोंचे चार होतात, चारांचे आठ होतात. राजाकडे बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे मागणाऱ्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे करता करता राजाची कोठारे रिती होण्याची वेळ येते. येथेही तोच हिशेब आहे. केवळ सत्तावीस वेळा दुप्पट झाले की एका इलेक्ट्रॉनाचे तेरा कोटींहून अधिक इलेक्ट्रॉन होतात. आयर्लंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ जॉन टाउनसेंड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या प्रारंभी या लोंढ्याचे गणित प्रयोगांनी सिद्ध केले.

ऑक्सिजन मात्र या लोंढ्याला सतत लगाम घालीत असतो. तो मोकळे इलेक्ट्रॉन गिळंकृत करतो. जोवर नवे इलेक्ट्रॉन सुटण्याचा वेग गिळले जाण्याच्या वेगाहून कमी असतो, तोवर हवा रोधकच राहते. हवेच्या फुटण्याला एक निश्चित उंबरठा असतो, तो यामुळेच.

लोंढ्याची वाढ आणखी एका गोष्टीवर अवलंबून असते. धावणाऱ्या इलेक्ट्रॉनाला दोन धडकांमध्ये किती मोकळी जागा मिळते, हे वायूच्या दाटीवर ठरते. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ साली असे दाखवून दिले की, फट फोडण्यास लागणारा विद्युतदाब हा वायूचा दाब आणि फटीचे अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. या नियमाचा प्रत्यय रोज येतो. स्कूटरच्या इंजिनातील ठिणगी पाडणाऱ्या प्लगची फट जेमतेम मिलिमीटरभर असते. मोकळ्या हवेत ती चार-पाच हजार व्होल्टांना फुटेल. परंतु सिलिंडरमध्ये वायू दाबून भरलेला असल्यामुळे तिला दहा-पंधरा हजार व्होल्ट द्यावे लागतात. उलट ट्यूबलाइटच्या चार फूट लांब नळीतील वायू अत्यंत विरळ असतो. म्हणून एवढे अंतर असूनही ती घरातल्या विजेवर पेटते.

टाउनसेंड यांच्या सिद्धांताप्रमाणे लोंढा एकदा वाहून गेला म्हणजे काम संपत नाही. मागे राहिलेले धन आयन ऋण टोकावर जाऊन आदळतात, तेथून नवे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, त्यांचे नवे लोंढे सुरू होतात आणि अशा अनेक फेऱ्यांनंतर प्रवाह स्वतःच्या बळावर चालू राहतो. लहान फटींना आणि विरळ वायूंना हे वर्णन उत्तम लागू पडले. पण मोठ्या फटींच्या बाबतीत घड्याळ जुळेना. धन आयन जड व मंदगती असतात. एक सेंटिमीटर अंतर तोडण्यास त्यांना पंधरा-वीस मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे पंधरा-वीस दशलक्षांश लागतात. विद्युतदाब थोडा वाढवून ठेवला, तर प्रत्यक्ष ठिणगी एका मायक्रोसेकंदाच्याही आत पडते. आयनांची वाट न पाहता ती पडते तरी कशी?

याचे उत्तर १९४० च्या सुमारास मिळाले. जर्मनीत हाइन्झ रेटर, अमेरिकेत लिओनार्ड लोएब आणि मूळचे इंग्लंडचे जॉन मीक हे जवळजवळ एकाच वेळी एकाच निष्कर्षाला आले. लोंढ्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या दहा कोटींच्या घरात गेली की, तो स्वतःच एक विद्युतक्षेत्र निर्माण करतो आणि ते बाहेरून लावलेल्या क्षेत्राच्या तोडीचे असते. आता त्याला परक्याच्या बळाची गरज उरत नाही. त्याच्या अग्राशी क्षेत्र अतिशय तीव्र होते. तेथील उत्तेजित रेणूंपासून अदृश्य जंबुपार किरण निघतात, ते पुढच्या हवेत नवे इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि त्यांचे लोंढे येऊन मूळ अग्राला मिळतात. अशा रीतीने प्रकाशाचा एक बारीक तंतू हवेत विलक्षण वेगाने पुढे सरकत जातो. शास्त्रज्ञ त्याला 'स्ट्रीमर' म्हणतात. मराठीत विद्युततंतू म्हणावयास हरकत नाही. वणव्याच्या कडेची ज्वाला जशी पुढचे गवत स्वतः पेटवीत जाते, तद्वत हा तंतू आपली पुढची वाट स्वतः तयार करतो.

टोकदार वस्तूभोवती विद्युतक्षेत्र एकवटते. म्हणून तंतूंचा जन्म बहुधा टोकाशी होतो. पावसाळी हवेत उच्च दाबाच्या तारांजवळ जो सूं-सूं आवाज ऐकू येतो आणि काळोखात क्वचित निळसर आभा दिसते, ती अशा लहान लहान विसर्जनांमुळे. वादळात डोलकाठीच्या टोकावर अशी निळी ज्योत दिसली म्हणजे भूमध्य समुद्रातील ख्रिस्ती खलाशी ती आपला आश्रयदाता संत एल्मो याची खूण मानीत. ज्योत जळत असते, पण डोलकाठी जळत नाही. कारण तंतूंमधील वायू जवळजवळ थंडच असतो. हवा थोडीशी फाटलेली असते, पुरती फुटलेली नसते.

ती पुरती फुटण्यासाठी आणखी एक पायरी लागते. अनेक तंतूंचा प्रवाह जेथे एकत्र येतो, तेथे वायू तापतो. तो दीड-दोन हजार अंशांच्या पलीकडे गेला म्हणजे ऑक्सिजनने गिळलेले इलेक्ट्रॉन पुन्हा मोकळे होतात, लगाम सुटतो. मग थंड तंतूंच्या जागी एक तप्त, सुवाहक नलिका तयार होते. तिला 'लीडर' असे नाव आहे. मराठीतील वाटाड्या हा शब्द तिला साजतो. वाटाड्याच्या तोंडाशी तंतूंचा झुपका असतो. झुपका पुढची हवा चाचपतो आणि वाटाड्या त्याच्या मागोमाग पाऊल टाकतो. फ्रान्समधील ले रनार्दिएर येथील प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकात अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी कित्येक मीटर लांबीच्या फटी फोडून या वाटाड्याचा बारकाईने अभ्यास केला.

लांब फटींच्या अभ्यासातून जे आढळले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एका सेंटिमीटरला ३०,००० व्होल्ट, या त्रैराशिकाने दहा मीटर फटीला तीन कोटी व्होल्ट लागावेत. परंतु एका बाजूस धनभारित सळई व दुसऱ्या बाजूस जमीन अशी रचना असेल आणि विद्युतदाब योग्य गतीने चढविला, तर पाच मीटर हवा सुमारे १३ लाख व्होल्टांना आणि दहा मीटर हवा सुमारे १९ लाख व्होल्टांनाच फुटते. अंतर दुप्पट केले तरी हवेचे बळ दुप्पट होत नाही. कारण साऱ्या फटीत एकाच वेळी तीव्र क्षेत्र असण्याची आवश्यकताच नसते. ते वाटाड्याच्या तोंडापाशी असले की पुरे. वीजवाहिन्यांचे मनोरे बांधणाऱ्या अभियंत्यांना हवेची ही दुर्बलता सदैव हिशेबात धरावी लागते. मध्य प्रदेशातील बीना येथे १,२०० किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी जे राष्ट्रीय चाचणी केंद्र उभारले गेले, त्यापुढेही असेच प्रश्न होते.

आकाशातील वीज हे याच क्रमाचे विराट रूप होय. सेंटिमीटरच्या हिशेबाने एक किलोमीटर हवा फोडण्यास तीनशे कोटी व्होल्ट लागले असते. विजेला त्याच्या अल्पशा भागात ते साधते. ढगातील हिमकण व जलबिंदू यांच्या टोकांशी तंतू जन्मतात, त्यांतून वाटाड्या तयार होतो आणि जमिनीकडे निघतो. दक्षिण आफ्रिकेत बेसिल शॉनलंड व त्यांचे सहकारी यांनी १९३० नंतरच्या दशकात सी. व्ही. बॉईज यांनी योजलेल्या फिरत्या भिंगांच्या कॅमेऱ्याने त्याची छायाचित्रे घेतली. वाटाड्या सलग उतरत नाही, असे त्यांत दिसले. सुमारे पन्नास मीटरांची एक झेप, मग मायक्रोसेकंदांत मोजावी अशी लहानशी विश्रांती, पुन्हा झेप, असा त्याचा प्रवास असतो. वाटेत त्याला फांद्या फुटतात. त्याला खालचे झाड दिसत नसते, घर दिसत नसते; तो प्रत्येक झेपेपुरतीच वाट शोधीत असतो.

तो जमिनीपासून शे-सव्वाशे मीटरांच्या आत आला म्हणजे मात्र चित्र पालटते. त्याच्या भाराने खालच्या उंच व टोकदार वस्तूंवरील विद्युतक्षेत्र एवढे वाढते की, झाडाच्या शेंड्यापासून, मनोऱ्याच्या कळसापासून, प्रसंगी मोकळ्या माळावर उभ्या असलेल्या माणसाच्या मस्तकापासूनही वर चढणारे वाटाडे निघतात. त्यांतील जो उतरत्या वाटाड्याला प्रथम भेटतो, त्याच्या स्थानी वीज पडते. जेथे भेट होते, तेथून तीस हजार अँपिअरच्या आसपासचा प्रवाह नलिकेतून उसळतो. डोळ्यांना दिसणारा लखलखाट तो हाच, आणि तो खालून वर जातो. नलिकेतील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंशांपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते. ती स्फोटासारखी फाकते व गडगडाट होतो. याच वाटेने एकामागून एक तीन-चार प्रवाह धावतात. म्हणून वीज थरथरल्यासारखी भासते.

शेवटची निवड जमिनीजवळ होते, या एका गोष्टीत बचावाचे सारे रहस्य आहे. ती माहीत नव्हती, तेव्हा माणसाने फार मोठी किंमत मोजली. युरोपात वादळ आले म्हणजे चर्चच्या घंटा वाजविण्याची प्रथा होती; घंटेच्या नादाने विजा पांगतात अशी श्रद्धा असे. १७८४ साली म्युनिक येथे प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात नोंद आहे की, तेहतीस वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर विजा पडल्या आणि १०३ घंटावादक दगावले. गावातील सर्वांत उंच इमारतीच्या पोटात, भिजलेला दोर हाती धरून ती माणसे उभी असत. त्यांची भक्ती खोटी नव्हती. त्यांची जागा चुकीची होती.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुचविलेला सळईचा प्रयोग मे १७५२ मध्ये फ्रान्समधील मार्ली येथे प्रथम यशस्वी झाला. टोकदार सळई ढगातील भार हळूहळू शोषून घेईल, असे फ्रँकलिन यांना प्रथम वाटले होते. ते खरे नव्हते. इमारतीवरील सळई ढग रिता करीत नाही आणि दुरून विजेला बोलावूनही आणीत नाही. ती फक्त वर चढणारा वाटाड्या इमारतीच्या आधी स्वतः पाठवते आणि आलेला प्रवाह जाड धातूच्या पट्टीने थेट जमिनीत पोहोचविते. ही पट्टी तुटलेली असेल तर सळई असून नसल्यासारखी, किंबहुना अधिक धोक्याची. सेंट पीटर्सबर्ग येथील प्राध्यापक गेऑर्ग रिखमान यांनी १७५३ साली छतावरील सळईची तार जमिनीला न जोडता खोलीतील उपकरणापर्यंत आणली होती. वादळात ते उपकरणाजवळ गेले आणि मधल्या हवेतून आलेल्या विजेने त्यांचा प्राण घेतला.

झाडाखाली नेमके हेच घडते. शेंड्यावर पडलेली वीज खोडातून उतरू लागते. पण लाकूड हे काही चांगले वाहक नव्हे. खोड आणि शेजारी उभा असलेला माणूस यांच्यामध्ये लक्षावधी व्होल्टांचा फरक पडतो, मधली हात-दोन हात हवा फुटते आणि प्रवाह माणसाच्या शरीरातून जमिनीत जातो. खोडाला टेकला नाही म्हणून तो वाचत नाही. शिवाय प्रवाह जमिनीत पसरताना दोन पावलांमध्येही विद्युतदाबाचा फरक निर्माण होतो. गुरांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असते. एका झाडाखाली उभी असलेली गुरे एकदम मरून पडतात ती यामुळे.

येणेप्रमाणे विचार केला असता काय करावे हे आपोआप स्पष्ट होते. पक्क्या घरात जावे. तेथे नळ, तारेचे टेलिफोन व विजेची उपकरणे यांना हात लावू नये. धातूचे छप्पर असलेली बंद मोटार चालते, कारण प्रवाह तिच्या बाहेरच्या पत्र्यावरून निघून जातो. झाड, एकटी झोपडी, टेकडीचा माथा, तळे आणि तारेचे कुंपण टाळावे. आवाज तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. लखलखाट व गडगडाट यांमध्ये तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून आत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने जवळपासच्या विजांची सूचना देणारे 'दामिनी' हे मोबाइलवरील साधन तयार केले आहे. शेतावर जाणाऱ्याच्या ते उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट गावोगाव सांगितली गेली पाहिजे. वीज लागलेल्या माणसाला शिवले तर आपल्यालाही धक्का बसेल, या भीतीने लोक दूर उभे राहतात. त्याच्या शरीरात वीज साठून राहिलेली नसते. प्रवाह कधीच जमिनीत गेलेला असतो. बहुतेकदा हृदय किंवा श्वास थांबलेला असतो. त्याला शक्य तर आडोशाला आणावे, मदतीसाठी कोणाला तरी पिटाळावे, श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोराने व लयीत दाब देण्यास तत्काळ प्रारंभ करावा आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत तो थांबवू नये.